बीपीडी, ट्रॉमा की ऑटिझम? एकाच माणसाच्या फाईलवर तीन-तीन निदानं का येतात

तीस-पस्तीशीतल्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या एखाद्या बाईची मानसोपचाराची जुनी फाईल चाळली तर बरेचदा एक ठरलेला क्रम दिसतो. कॉलेजात डिप्रेशन, मग अँग्झायटी, मग कुठेतरी प्रश्नचिन्ह टाकून बायपोलर, मग पंचविशी-तिशीत बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे बीपीडी, आणि मग कधीतरी ती स्वतःच रात्री दोन वाजता फोनवर काहीतरी वाचते आणि पुढच्या व्हिजिटला विचारते की डॉक्टर, मला ऑटिझम असू शकतो का हो, किंवा लहानपणी घरात जे झालं त्याचा हा ट्रॉमा असेल का. डॉक्टर चांगला असेल तर म्हणतो बघूया, नसेल तर म्हणतो आधी ते गुगल बंद करा.

हा घोळ डॉक्टर लोक बिनडोक असतात म्हणून होत नाही (काही असतात, पण तो वेगळा विषय). मानसोपचारात निदान वरून दिसणाऱ्या वागण्यावरून करतात. डेंग्यू आहे की मलेरिया ते रक्त तपासून कळतं, इथे तशी टेस्टच नाही, ना रक्ताची ना एमआरआयची. डॉक्टरच्या हातात तुम्ही काय सांगताय, घरचे काय सांगतायत आणि समोरच्या खुर्चीत तुम्ही कसे बसलाय एवढंच असतं. आणि वरून बघितलं तर ट्रॉमा, बीपीडी आणि ऑटिझम ही तिन्ही बरेचदा डिट्टो सारखी दिसतात. भावना झपकन हाताबाहेर जाणं, नाती न टिकणं, गर्दी-आवाज सहन न होणं, मी नक्की कोण आहे तेच न कळणं, मध्येच एकदम सुन्न होणं, स्वतःला इजा करणं. फरक कळतो तो आत काय चाललंय आणि कधीपासून चाललंय हे विचारल्यावर, आणि हे दोन प्रश्न विचारायला वेळ लागतो.

गंमत म्हणजे ही तिन्ही नावं अधिकृत पुस्तकात एकाच वर्षी आली. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम नावाचं मॅन्युअल आहे, त्याची तिसरी आवृत्ती १९८० साली निघाली, त्यात पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आपण ज्याला ट्रॉमा म्हणतोय त्याचं अधिकृत निदान) पहिल्यांदा, बॉर्डरलाईन पहिल्यांदा आणि 'इन्फन्टाईल ऑटिझम' हे स्वतंत्र निदान म्हणूनही पहिल्यांदाच. पण तिघंही वेगवेगळ्या दारातून आत आली. पीटीएसडी आलं व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे. बॉर्डरलाईन आलं सायकोअॅनालिसिसवाल्यांकडून, अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या न्यूयॉर्कच्या अॅनालिस्टने १९३८ मध्येच अशा पेशंटांवर लिहिलं होतं. आणि ऑटिझम आला लहान मुलांच्या विभागातून, लिओ कॅनरने १९४३ साली बाल्टिमोरला अकरा मुलांचं वर्णन केलं तिथून. म्हणजे एक सैनिकांच्या हॉस्पिटलात, एक मोठ्यांच्या थेरपीच्या सोफ्यावर आणि एक बालरोग विभागात वाढलं. या तिघांत फरक कसा करायचा हा प्रश्न पुढची अनेक वर्षं फारसा कोणाला पडलाच नाही, कारण मोठ्यांचे डॉक्टर ऑटिझमची मुलं बघतच नव्हते आणि मुलांच्या डॉक्टरांकडे तीस वर्षांची बाई जातच नव्हती. ती मुलं मोठी झाली, आणि काहींचं लहानपणी निदानच झालं नव्हतं, तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली.

आता तिघांची थोडक्यात ओळख, कारण आपल्याकडे ही नावं कशीही वापरतात.

पीटीएसडी म्हणजे एखाद्या भयंकर घटनेनंतर (जीवावर बेतणं, गंभीर इजा, लैंगिक हिंसा या पातळीचं काहीतरी) ती घटना संपतच नाही. आठवणं वेगळं आणि हे वेगळं, इथे ते परत आत्ताच घडतंय असं शरीराला वाटतं, माणूस त्या जागा, ते लोक, ते वास टाळायला लागतो आणि सतत सावध राहतो. कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणजे हेच, पण बहुतेक वेळा एका घटनेऐवजी वर्षानुवर्षं चाललेल्या आणि ज्यातून पळून जाता येत नाही अशा छळानंतर, आणि त्यात आणखी तीन गोष्टी जोडलेल्या: भावनांवर ताबा न राहणं, मी वाईटच आहे मी फुकट आहे अशी पक्की खात्री, आणि माणसांशी जवळीक न जमणं. ही कल्पना ज्युडिथ हर्मन या अमेरिकन सायकियाट्रिस्टने १९९२ साली मांडली. डीएसएमने ती अजूनही वेगळं निदान म्हणून घेतलेली नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने घेतली, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. म्हणजे एका पुस्तकात तुम्हाला कॉम्प्लेक्स पीटीएसडी आहे आणि दुसऱ्या पुस्तकात ती चीजच अस्तित्वात नाही. सुरुवातच अशी आहे बघा.

बीपीडीचे डीएसएममध्ये नऊ निकष आहेत. कोणी सोडून जाईल याची प्रचंड भीती, टोकाची नाती (आज देव, उद्या राक्षस), स्वतःची ओळख डळमळीत, स्वतःला घातक पडेल असा अविचारीपणा, स्वतःला इजा किंवा आत्महत्येच्या धमक्या, मूडची घसरगुंडी, आतला रिकामेपणा, आवरता न येणारा राग, आणि ताणात तात्पुरता संशय किंवा सुन्नपणा. नऊपैकी पाच असले की निदान. आता जरा हिशोब करा, नऊपैकी पाच किंवा जास्त निकष निवडायचे २५६ वेगवेगळे मार्ग निघतात, आणि दोन जणींना बीपीडीच आहे पण दोघींत नऊपैकी फक्त एकच लक्षण सारखं आहे असंही होऊ शकतं. पीटीएसडीचं तर विचारूच नका, डीएसएम-५ च्या निकषांतून ६,३६,१२० कॉम्बिनेशन निघतात हे २०१३ मध्ये दोन संशोधकांनी मोजून दाखवलं. इतकं मोठं जाळं टाकल्यावर त्यात शेजारच्या तळ्यातले मासेही येणारच.

ऑटिझम हा आजार नाही, मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. माणसांशी संवादातले न लिहिलेले नियम आपोआप न कळणं हा एक भाग, आणि ठरावीकपणा, एखाद्याच विषयात खोल बुडणं, हालचाली परत परत करणं, आवाज-प्रकाश-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हा दुसरा भाग. सेन्सरी मुद्दा निकषात आला तोच मुळी २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये. त्याच आवृत्तीत आणखी एक वाक्य आलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं: लक्षणं लहानपणापासून असतात, पण समाजाच्या मागण्या माणसाच्या झेपण्यापलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसत नाहीत असं होऊ शकतं, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ती लपून राहू शकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक प्रसंग बघू, काल्पनिक आहे. ऑफिसमध्ये एका मुलीचं तीनला प्रेझेंटेशन होतं. मॅनेजर बाई येते, म्हणते आज नको, नंतर बघू, आणि केबिनचं दार जरा जोरात लागतं. मुलगी उठते, वॉशरूममध्ये जाऊन कडी लावते, थरथरत रडते, स्वतःच्या मनगटाला चावते, अर्धा तास बाहेर येत नाही. बाहेरच्यांना एवढंच दिसतं आणि ऑफिसात चर्चा एकच, किती ड्रामा करते यार ही.

पहिली शक्यता, तिला ट्रॉमा आहे. तिच्यासाठी प्रेझेंटेशन हा विषयच नाहीये, विषय आहे दाराचा आवाज आणि त्याआधीचा तो थंड टोन. लहानपणी घरात असं दार आपटलं की पुढे काय व्हायचं ते तिच्या शरीराला माहितीये. तिला धड आठवतही नाहीये कदाचित, पण हातपाय गार पडलेत, कान दाराकडे लागलेत, पावलं येतायत का ऐकतेय. आपण ऑफिसात आहोत, वय एकतीस आहे, हे कोणीतरी शांतपणे जाणवून दिलं, पायाखालची फरशी, हातातली पाण्याची बाटली असं काही, तर ती हळूहळू परत येते.

दुसरी शक्यता, बीपीडी. तिच्यासाठी दाराचा आवाज दुय्यम आहे, 'नंतर बघू' हे मुख्य आहे. म्हणजे संपलं. आता मॅडमना मी नकोय. काल याच मॅडम जगातल्या सगळ्यात भारी बॉस होत्या आणि आत्ता या क्षणी त्या खोटारड्या आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे मीच अशी आहे की कोणी माझ्याजवळ राहूच शकत नाही. हाताला चावणं हे त्या आतल्या आगीला कुठेतरी वाट काढून देणं आहे. मॅनेजर स्वतः येऊन दार वाजवून म्हणाली अगं वेडे, मला क्लायंटचा फोन होता, तुझं काम छानच आहे, तर दहा मिनिटांत वादळ शांत होऊ शकतं. उद्या परत येईल ती गोष्ट वेगळी.

तिसरी शक्यता, ऑटिझम. तिने तीन वाजताच्या त्या पंधरा मिनिटांची गेले दोन दिवस मनात तालीम केलीय, कुठे थांबायचं, कुठे हसायचं सगळं. सकाळपासून ती डोक्यावरच्या ट्यूबलाईटची गुणगुण, एसीचा झोत, शेजारच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाचा वास आणि चार जणांच्या गप्पांना योग्य वेळी योग्य चेहरा देणं हे सगळं एकाच वेळी सांभाळतेय. 'नंतर' म्हणजे किती वाजता? पाच? उद्या? आणि त्यावर दार आपटलं. बस्स, आता आत काही मावत नाही. हाताला चावणं इथे दाब मिळवण्यासाठी आहे, तो एक ठोस स्पर्श बाकी सगळ्या गोंगाटाला जरा दाबतो. मॅनेजर येऊन गळ्यात हात टाकून समजावायला लागली तर आणखी बिघडेल, तिला कोणी नकोय, अंधार आणि शांतता हवीये, आणि नंतर एक मेसेज की प्रेझेंटेशन उद्या अकराला.

कशाने बिघडलं आणि कशाने शांत झालं या दोन गोष्टी नीट विचारल्या तर अर्धं काम होतं असं माझं मत आहे. पण खरी माणसं अशी तीन कप्प्यांत बसत नाहीत, आणि चौथी शक्यता म्हणजे त्या वॉशरूममध्ये तिन्ही गोष्टी एकाच मुलीत चालू आहेत.

वरून सारख्या दिसणाऱ्या बाकी गोष्टींचंही असंच आहे. डोळ्यात न बघणं घ्या. ट्रॉमावाल्याला नजर म्हणजे धोका वाटतो, ऑटिस्टिक माणसाला बरेचदा बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही किंवा नजर फार तीव्र लागते, त्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो. सुन्न होणं घ्या. ट्रॉमात ते डिसोसिएशन असतं, मन जणू छताला जाऊन बसतं. ऑटिझममध्ये शटडाऊन असतो, सिस्टीम भरल्यामुळे बोलणं बंद पडतं, आणि घरचे दोन्हीला एकच नाव देतात, तोंड फुगवून बसलीये.

काय वाटतंय ते सांगता न येणं हाही मोठा सापळा आहे. याला अलेक्सिथायमिया म्हणतात, ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांत ते आढळतं, पण ट्रॉमात आणि बीपीडीतही आढळतं. आता कल्पना करा की डॉक्टर विचारतो 'रिकामं रिकामं वाटतं का?' आणि जिला आतली भावना ओळखताच येत नाही ती म्हणते हो, बहुतेक. झालं, रिकामेपणाच्या निकषावर टिकमार्क.

ओळखीच्या गोंधळावर जरा जास्त थांबतो, कारण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात असं मला वाटतं. बीपीडीत 'मी कोण' हे आतूनच हलतं राहतं, ज्याच्याबरोबर आहे त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, कारण तो गेला तर आपण उरतच नाही. ऑटिझममध्ये, विशेषतः मुलींमध्ये, मास्किंग असतं. म्हणजे वर्गातल्या लोकप्रिय मुलीचं हसणं कॉपी करायचं, मालिकेतले डायलॉग वापरायचे, हातांची हालचाल दाबून टाकायची, आणि हे पहिलीपासून करत आलं की पंचविशीत तीही म्हणते मी कोण आहे मला माहीत नाही. वाक्य तंतोतंत तेच. पण हिला एकटीला खोलीत सोडा, तिच्या आवडत्या विषयाजवळ सोडा, मग तो रेल्वेचे टाइमटेबल असो की शिवकालीन नाणी की बुरशा, आणि बघा, तिथे ती अगदी पक्की आहे, दहा वर्षांपूर्वी जी होती तीच. मास्क माणसांसमोर आहे, आतली मुलगी जागेवर आहे. हा फरक फक्त चेकलिस्टने कळत नाही, गप्पा मारायला लागतात. मेंग-चुआन लाय आणि सायमन बॅरन-कोहेन यांनी २०१५ मध्ये अशा उशिरा कळलेल्या मोठ्या माणसांना ऑटिझमची हरवलेली पिढी म्हटलं होतं.

इतिहासात डोकावलं तर हा गोंधळ नवा नाहीच. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा नावाची तरुण डॉक्टर होती, तिने १९२० च्या दशकात सहा मुलगे तपासून जे वर्णन लिहिलं ते आज वाचलं तर सरळसरळ ऑटिझम आहे, कॅनरच्या बरंच आधी. पण तिने त्याला टाकलं 'स्किझॉइड सायकोपथी'त. १९४४ साली व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गरनेही तेच केलं, 'ऑटिस्टिक सायकोपथी'. त्या काळच्या वर्गीकरणात ही दोन्ही म्हणजे पर्सनॅलिटी डिसऑर्डर. थोडक्यात ऑटिझम जन्माला आलाच पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या वॉर्डात.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत असं धरून चालले की मूल ऑटिस्टिक होतं ते आईच्या थंडपणामुळे. शिकागोचा ब्रुनो बेटलहाइम यात पुढे होता. तो स्वतः नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छावण्यांत कैदी होता आणि त्याला या मुलांत छावणीतल्या कैद्यांसारखं काहीतरी दिसलं. म्हणजे ऑटिझम हा ट्रॉमाच. किती आया या आरोपाखाली जगल्या असतील. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, १९६४ मध्ये याला जाहीर आव्हान दिलं, आणि १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे दाखवलं. विषय संपला असं वाटलं.

आणि इथे खरी रंगत आहे. त्याच रटरसमोर वीसेक वर्षांनी उलटा पुरावा येऊन बसला. १९८९ मध्ये रोमानियात चाउशेस्कूची सत्ता कोसळली, तिथल्या अनाथालयांतली मुलं जगाला दिसली, पाळण्यात पडून राहिलेली, कोणी उचलून न घेतलेली. त्यातली बरीच ब्रिटनमध्ये दत्तक गेली आणि रटरच्या टीमने त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातली काही मुलं चौथ्या वर्षी हुबेहूब ऑटिस्टिक दिसत होती. डोलत बसणं, वस्तू हुंगणं-चाचपणं, एकाच विषयाला चिकटणं, माणसांत धड न मिसळणं. रटरने १९९९ मध्ये याला 'क्वासाय-ऑटिझम' म्हटलं, म्हणजे ऑटिझमसारखं पण तेच नव्हे. सहाव्या वर्षापर्यंत या मुलांपैकी अनेकांत फरक पडला, माणसांत रस वाढला, संवादात लवचिकता आली, नेहमीच्या ऑटिझममध्ये सहसा इतकी येत नाही तेवढी. पण ज्यांनी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ तिथे काढला होता त्यांच्यातल्या काहींत या खुणा मोठेपणापर्यंत टिकल्या. म्हणजे ज्या माणसाने ऑटिझम आईमुळे होत नाही हे सिद्ध करायला हातभार लावला त्यालाच कबूल करायला लागलं की टोकाची उपेक्षा ऑटिझमसारखं चित्र उभं करू शकते. मला या सगळ्या विषयात हा माणूस सगळ्यात जास्त आवडतो, कारण उलटा पुरावा समोर आल्यावर त्याने तोंड फिरवलं नाही.

रोमानिया टोकाचं उदाहरण आहे. रोजच्या क्लिनिकमध्ये उपेक्षित मूल की ऑटिस्टिक मूल हे ठरवायला इंग्लंडमध्ये हेदर मोरन या सायकॉलॉजिस्टने २०१० मध्ये 'कव्हेंट्री ग्रिड' नावाचा तक्ता काढला. त्यामागचा विचार सोपा आहे, लक्षण सारखं असलं तरी त्याची चव वेगळी असते. दोन्ही मुलं जेवणावरून भांडतात. ऑटिस्टिक मूल भांडतं ते वरण भाताला लागलं म्हणून, रंग बदलला म्हणून. उपाशी राहिलेलं मूल पोळी उशीखाली लपवतं.

ट्रॉमा आणि बीपीडीचं भांडण तर आणखी चिवट आहे, कारण दोन्ही एकाच घरातून येतात. २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा बीपीडी असलेल्यांपैकी साधारण ७१ टक्के लोकांनी बालपणी किमान एक वाईट अनुभव सांगितला होता. म्हणून काही लोक म्हणतात बीपीडी असं काही नसतंच, तो ट्रॉमाच आहे, आणि छळ सोसलेल्या बाईला वर परत 'तुझा स्वभावच बिघडलेला' असा शिक्का मारणं हा अन्याय आहे. रागाशी मी सहमत आहे, पूर्ण निष्कर्षाशी नाही. कारण ७१ म्हणजे शंभर नव्हे, उरलेल्यांचं काय करायचं? शिवाय स्वीडनच्या मोठ्या नोंदींवरून बीपीडीत आनुवंशिकतेचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास निघालाय. आणि मेरिलीन क्लॉइटरच्या टीमने २०१४ मध्ये बालपणी छळ झालेल्या २८० बायकांचा अभ्यास केला तर गट वेगळे पडले. बीपीडीचा गट वेगळा काढणाऱ्या चार गोष्टी होत्या: सोडून जाण्याच्या भीतीने केलेली धडपड, अस्थिर ओळख, टोकाची नाती आणि अविचारीपणा. कॉम्प्लेक्स पीटीएसडीत स्वतःबद्दलचं मत वाईट असतं, पण ते स्थिर वाईट असतं. आणि तिथे माणूस नात्यांना कवटाळण्याऐवजी शक्यतो लांब राहतो.

आता उलट बाजू. 'मला बीपीडी नाही, ऑटिझम आहे' हे ऐकायला बरं वाटतं कारण एकाला लोक शिव्या घालतात आणि दुसऱ्याला किमान समजून तरी घेतात. पण जे खरंच बीपीडीत बसतात त्यांनी यामुळे उपचार सोडू नयेत, कारण बीपीडी बरं होत नाही ही समजूत धादांत चुकीची आहे. मेरी झनारिनीच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं निकषाखाली गेली होती. नोकरी आणि नाती पूर्ण रुळावर येणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं, साधारण निम्मं, तरीही. आणि बीपीडीवरची सर्वात गाजलेली थेरपी, डीबीटी, जिने काढली ती मार्शा लिनेहान तरुणपणी स्वतः मानसोपचार रुग्णालयात होती, हे तिने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

'हे की ते' असा प्रश्नच बरेचदा चुकतो. ऑटिस्टिक मुलांना शाळेत जास्त त्रास देतात, ती मुलं लोकांचा डाव ओळखू शकत नाहीत म्हणून फसवली जातात, आणि घरीही 'नीट वाग' म्हणून मार खातात. म्हणजे ऑटिझममुळे ट्रॉमा. त्यात डीएसएमची अट अशी की घटना जीवघेणी वगैरे असली तरच पीटीएसडी. पण ज्याला मिक्सरचा आवाज दुखतो आणि ज्याला रोज वर्गासमोर उभं करून हसलं गेलंय त्याच्यासाठी भयंकर काय हे कोणी ठरवायचं? २०२० मध्ये लंडनच्या संशोधकांनी ऑटिस्टिक प्रौढांचा छोटा अभ्यास केला तर डीएसएमच्या व्याख्येत न बसणाऱ्या घटनांनंतरही पीटीएसडीची लक्षणं बऱ्याच जणांत सापडली.

आपल्याकडची गोष्ट जराशी वेगळी आहे. डीएसएममधलं ते वाक्य आठवा, समाजाच्या मागण्या झेपण्यापलीकडे गेल्या की लक्षणं दिसतात. आपल्या मुलींच्या बाबतीत ही वेळ कधी येते? माझ्या मते लग्नानंतर. तोपर्यंत स्वतःची खोली किंवा निदान स्वतःचा कोपरा होता, आई तिच्यापुरती वेगळी भाजी करायची, 'आमची जरा एककल्ली आहे' म्हणून खपून जायचं. मग नवं घर, दिवसभर माणसं, सणाला वीस पाहुणे, जरीची साडी टोचतेय, कुकर-मिक्सर-टीव्ही एकदम चालू, आणि हसत राहायचंय. सहा महिन्यांत ती फुटते आणि सासरचे म्हणतात लग्नाआधी लपवलं, माहेरचे म्हणतात आमच्याकडे तर चांगली होती. डॉक्टरला दिसतं की तेविसाव्या वर्षी सुरू झालंय, नात्यांत भांडणं आहेत, इजा करून घेतलीये, म्हणजे बीपीडी. आणि सासरी खरोखर छळ होत असेल तर ट्रॉमाही त्यात मिसळला.

दुसरी अडचण, 'लहानपणी कशी होती' हे सांगणार कोण? ऑटिझमच्या निदानात हा कणा आहे आणि तो साधारण आईकडून मिळतो. पण छळच घरात झाला असेल तर तीच आई किंवा तोच बाप समोर बसून म्हणणार की सगळं नॉर्मल होतं. अशा वेळी मावशी, आत्या, मोठा भाऊ, जुनी शेजारीण यांना विचारावं. शाळेची प्रगतीपुस्तकं सापडली तर सोन्यासारखी, त्यातले शेरे फार बोलतात. 'हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही', 'अक्षर सुधारावे, खेळात भाग घ्यावा', हे पहिली-दुसरीपासून सारखं असेल तर एक दिशा, आणि चौथीपर्यंत उत्तम आणि पाचवीत अचानक गप्प झाली असेल तर त्या वर्षी घरात काय झालं ते विचारायला हवं.

सर्टिफिकेटचंही सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि मानसिक आजारही आहे. ऑटिझमसाठी सरकारी बोर्ड आयएसएए ही ४० प्रश्नांची मोजपट्टी लावतं, ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही. ती मुळात मुलांना डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहे, त्यामुळे वीस वर्षं मास्किंग करून तरबेज झालेली नोकरदार बाई तिथे सहज पास होते, म्हणजे नापास होते.

निदान चुकलं तर बिघडतं काय? उपचार वेगळे आहेत म्हणून बिघडतं. पीटीएसडीत त्या आठवणीला सुरक्षित जागी परत सामोरं जायला लावतात, ईएमडीआर (डोळे इकडून तिकडे फिरवत त्या आठवणीवर काम करायची पद्धत) किंवा दुसरी ट्रॉमा-फोकस्ड थेरपी. ट्यूबलाईटच्या त्रासाला 'टाळाटाळ' समजून हेच केलं तर ऑटिस्टिक माणूस फक्त थकतो, भीती असेल तर सवयीने कमी होईल, आवाजच जास्त ऐकू येत असेल तर कसा होईल? त्याला हेडफोन द्या, वेळापत्रक द्या, सूचना लेखी द्या. डीबीटीचा ग्रुप बीपीडीला मदत करतो, पण दहा अनोळखी माणसं गोल बसून भावनांवर उपमा देत बोलतायत हे ऑटिस्टिक बाईला शिक्षा वाटू शकतं, तिला तीच कौशल्यं एकटीला, सरळ शब्दांत शिकवली तर चालतात. आणि औषधांचं म्हणाल तर बीपीडीसाठी खास मंजूर असं एकही औषध अमेरिकेच्या एफडीएकडे नाही, ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठीही नाही. गोळ्या मिळतात त्या सोबतच्या डिप्रेशन, झोप, चिडचिड यांच्यासाठी, त्यामुळे एका गोळीने बरं वाटलं म्हणजे अमुक निदान खरं असं होत नाही. गोळ्या मनाने बंद मात्र करू नका. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर निदानाचा घोळ सुटायची वाट न बघता टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनला १४४१६ वर फोन लावा, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरकडे जाताना 'मला ऑटिझम आहे' असं सांगण्यापेक्षा चार-पाच प्रसंग लिहून न्या: आधी काय झालं, शरीरात काय वाटलं, कशाने थांबलं, आणि असं पहिल्यांदा कधी झाल्याचं आठवतं. एकटं असताना तुम्ही कशा असता तेही लिहा, कारण ते कोणी विचारतच नाही. आणि तरीही पहिल्या भेटीत बीपीडी लिहिलं गेलं तर भांडू नका, एवढंच विचारा की बाकीच्या दोन शक्यता कशावरून बाद केल्या, आणि तोवर फाईलवर त्या नावापुढे 'प्रोव्हिजनल', म्हणजे तात्पुरतं, असं लिहाल का.